डोक्यातली क्लिप आणि तीन वर्षांचा नियम



इथे आपण बहुतेक जुन्या वाड्यांच्या, शाळांच्या, दांडिया बाजार-रावपुऱ्यातल्या गणपतींच्या आणि गेलेल्या माणसांच्या आठवणी लिहितो. मीही लिहिल्या आहेत. आजचा विषय जरा रुक्ष आहे. हॉस्पिटलांनी पेशंटचे कागद किती वर्षं सांभाळावेत? पण आपल्यातली निम्मी मंडळी साठीच्या पुढची आहेत. कुणाच्या गुडघ्यात, कुणाच्या हृदयात, कुणाच्या डोळ्यात काही ना काही बसवलेलं आहेच. तेव्हा विषय घरचाच समजून वाचा. पोस्ट लांबली आहे, चहा घेऊन बसलात तरी चालेल.

माझा जन्म बडोद्याचा, शिक्षण इथल्याच कॉमर्स फॅकल्टीत, आणि नोकरी एका राष्ट्रीयीकृत बँकेत, अडतीस वर्षं. बँकेत नवा ऑफिसर लागला की त्याच्या गळ्यात कोणालाच नको असलेली कामं पडतात. माझ्या गळ्यात पहिल्याच शाखेत ‘जुनं रेकॉर्ड’ पडलं. मागच्या बाजूला एक खोली, छताला एक पिवळा बल्ब, आणि जमिनीपासून वरपर्यंत लेजरं आणि व्हाउचरांचे गठ्ठे. आमचा दफ्तरी रोजची व्हाउचरं सुई-दोऱ्याने शिवून वर तारखेची चिठ्ठी लावायचा. त्याला लिहिता-वाचता बेताचंच येत होतं, पण १९६८ सालच्या श्रावणातलं अमुक व्हाउचर काढ म्हटलं की तो दहा मिनिटांत हजर करी.

पुढे १९८५ साली केंद्र सरकारने बँकांच्या रेकॉर्डसाठी नियम केले. काही रजिस्टरं ५ वर्षं, आणि खातेवह्या, कॅशबुकं, व्हाउचरं वगैरे ८ वर्षं. म्हणजे तुम्ही दिवाळीला शंभर रुपये काढले, तर ती स्लिप आम्ही ८ वर्षं सांभाळणार. त्यानंतरही उठलं आणि रद्दीवाल्याला दिलं असं नाही. आमच्या शाखेत आधी यादी व्हायची, मॅनेजरची मंजुरी लागायची, दोन ऑफिसरांच्या सह्या व्हायच्या आणि कागद फाडूनच बाहेर जायचे. ती नष्ट केलेल्या कागदांची यादी मात्र कायम ठेवायची. कधी कोणी विचारलं, तर अमुक रेकॉर्ड अमुक तारखेला अमुक दोघांच्या समक्ष नष्ट झालं एवढं तरी सांगता यायला हवं.

आणि या सगळ्यात एक चीज अशी होती की तिला हातच लावायचा नाही. खातं उघडण्याचा फॉर्म आणि सहीचं कार्ड. खातं जिवंत तोवर कार्ड जिवंत, मग खातं १९४० सालचं का असेना. पादऱ्याहून एकदा एक आजी आल्या होत्या, हातात नवऱ्याच्या नावाची कितीतरी वर्षांपूर्वीची ठेवीची पावती. त्या काळची लेजरं कधीच गेली होती, पण न मागितलेल्या ठेवींच्या यादीत ती रक्कम वर्षानुवर्षं पुढे ओढलेली होती. पैसे मिळाले. आज १० वर्षं कोणी न मागितलेली ठेव रिझर्व्ह बँकेच्या फंडाकडे जाते, २०१४ पासून तसा नियम आहे, पण तिथे गेल्यावरही ठेवीदाराचा हक्क बुडत नाही. बँकांबद्दल लोक खूप तक्रारी करतात, त्यातल्या पुष्कळ खऱ्या आहेत. पण कागद ठेवणं आम्हाला येत होतं, एवढं मी छातीठोकपणे म्हणेन.

आता घरची गोष्ट.

१९९४ साली सौ. चाळिशीची होती. एके दिवशी सकाळी स्वयंपाकघरात कणीक मळताना डोक्यात काहीतरी फुटल्यासारखं झालं म्हणाली आणि खाली बसली. उलट्या, मान ताठ. इथे सीटी स्कॅन झाला, मेंदूत रक्तस्राव. मेंदूतल्या एका धमनीला फुग्यासारखा फुगवटा आला होता आणि तो फुटला होता. डॉक्टर म्हणाले, दुसऱ्यांदा फुटला तर काही खरं नाही. ॲम्ब्युलन्सने मुंबईला नेलं, तिथल्या एका मोठ्या ट्रस्टच्या हॉस्पिटलात. कवटी उघडून त्या फुगवट्याच्या मानेला धातूची एक बारीक क्लिप लावली. कपड्यांना लावतो त्या चिमट्याची चिमुकली बहीण म्हणा. सव्वा महिन्याने आम्ही घरी आलो. त्यानंतर तिने दोन मुलींची लग्नं केली, चार बाळंतपणं काढली, हळदीकुंकवं, मंडळाचं वाचनालय, सगळं केलं. केस परत वाढले आणि ती क्लिप आम्ही विसरूनही गेलो.

गेल्या वर्षी तिची कंबर धरली. पाय बधिर व्हायला लागला, चप्पल पायातून निसटलेली कळेना. हाडांच्या डॉक्टरांनी मणक्याचा एमआरआय सांगितला. सेंटरवर एक फॉर्म भरून घेतात: पेसमेकर आहे का, अंगात धातू आहे का, कुठे छर्रा वगैरे गेलाय का. सौ.ने स्वतःच सांगितलं, डोक्यात क्लिप आहे. काउंटरवरची मुलगी लिहिता लिहिता थांबली. आत गेली आणि रेडिऑलॉजिस्टला घेऊन आली. तरुण मुलगा, फार सौजन्याने बोलला. ‘‘काका, बाना माथामां कई क्लिप छे? कई कंपनीनी?’’

मी पिशवीतून फाईल काढली. हो, माझ्याकडे फाईल होती. बँकेचा माणूस आहे, १९९४ पासूनचा प्रत्येक कागद तारीखवार लावलेला. डिस्चार्ज कार्डही होतं. त्यावर डॉक्टरांच्या अक्षरात निदान होतं, ऑपरेशनची तारीख होती, आणि फुगवट्याला क्लिप लावली एवढं एक वाक्य. कोणती क्लिप, कोणत्या धातूची, कोणत्या कंपनीची, काही नाही.

त्या मुलाने मला समजावून सांगितलं. जुन्या काळी काही क्लिपा अशा पोलादाच्या असत की त्यांना चुंबक ओढतो. पुढे कोबाल्टच्या मिश्रधातूच्या आणि टायटेनियमच्या क्लिपा आल्या, त्यांना बहुतेक यंत्रांत धोका नसतो. नव्वदच्या दशकात दोन्ही प्रकार लोकांच्या डोक्यात होते. एमआरआय म्हणजे प्रचंड चुंबक. क्लिप जरा फिरली तर तीस वर्षांपूर्वी जी धमनी वाचवली तीच फाटायची. मणक्याचा फोटो काढायचा असला तरी माणूस पूर्णच यंत्रात जातो, डोकं बाहेर काढून ठेवता येत नाही. कवटीचा एक्सरे काढला तर क्लिप दिसेल, पण ती कशाची हे एक्सरे सांगणार नाही. तो म्हणाला, ‘‘ऑपरेशन नोट मिळवा. त्यात नाव असेल, नाहीतर पाकिटाचा स्टिकर चिकटवलेला असेल. मी तुमच्यासाठी उद्याही वेळ काढून ठेवतो.’’

उद्या कसला. आमची चौकशी दोन महिने चालली.

डोंबिवलीला राहणारा माझा पुतण्या अर्धी रजा टाकून त्या हॉस्पिटलच्या रेकॉर्ड विभागात गेला. तळघरात ऑफिस. तिथले कारकून भले निघाले, त्यांनी जुनं रजिस्टर काढून दाखवलं. पुतण्याने मोबाइलवर फोटो पाठवला. सौ.चं नाव, वय, बडोद्याचा पत्ता, दाखल झाल्याची तारीख, घरी सोडल्याची तारीख, इनडोअर नंबर. सगळं शाईने, सुबक अक्षरात. तो नंबर बघून मला क्षणभर वाटलं, मिळाली. मग त्याचा फोन आला. ‘‘काका, नाव आहे, नंबर आहे, फाईल नाही.’’ त्या हॉस्पिटलचा शिरस्ता दहा वर्षांचा. २००५ च्या आसपास त्या वर्षाच्या फाइली गेल्या. ऑपरेशन थिएटरचं रजिस्टर २००१ पासूनचं आहे. ऑपरेशन करणारे डॉक्टर वारले. क्लिप बाहेरच्या ज्या दुकानातून मागवली असेल त्याचं नाव आम्हाला कधी कळलंच नव्हतं, कारण बिलात ‘थिएटर मटेरियल’ अशी एकच ठोक रक्कम होती. आणि मूळ बिलं मी क्लेमसाठी माझ्या बँकेला जोडली होती. ती व्हाउचरं आठ वर्षांनी नियमाप्रमाणे नष्ट झाली. तिथे तर मी ब्र काढू शकत नाही. तसल्या याद्यांवर माझ्याच सह्या असायच्या.

हॉस्पिटलवर राग काढावा म्हटलं तर तोही काढता येत नाही. मी नियम शोधून वाचला. भारतीय वैद्यक परिषदेचे २००२ चे आचारसंहितेचे नियम आहेत. त्यात म्हटलंय की डॉक्टरांनी दाखल केलेल्या रुग्णांचे कागद ३ वर्षं ठेवावेत, आणि ही ३ वर्षं उपचार सुरू झाल्याच्या तारखेपासून मोजायची. पेशंटने कागद मागितले तर ७२ तासांत द्यावेत असंही त्यातच आहे, आणि ही दुसरी गोष्ट आपल्यापैकी फार थोड्यांना ठाऊक असते. म्हणजे या हॉस्पिटलने कायद्याच्या तिपटीहून जास्त काळ कागद ठेवले होते. त्यांचं काहीच चुकलं नाही, आणि तरी माझ्या बायकोचा एमआरआय होऊ शकत नाही.

‘उपचार सुरू झाल्यापासून’ ही शब्दरचना बँकेतल्या माणसाला फार खटकते. आठ-आठ वर्षं डायलिसिसवर असलेले लोक मी ओळखतो. त्यांचे उपचार चालू असतानाच पहिल्या वर्षाच्या कागदांची मुदत भरून जाणार. आम्ही कर्जाचे कागद कर्ज दिल्याच्या तारखेपासून तीन वर्षांत फाडले असते तर रिझर्व्ह बँकेने शाखेला टाळं लावलं असतं. ही चूक कुणाच्या लक्षात आली नाही असंही नाही. २ ऑगस्ट २०२३ ला राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने नवे नियम काढले, त्यांत पेशंटशी शेवटचा संपर्क आला त्या दिवसापासून ३ वर्षं असं लिहिलं होतं. पण त्या नियमांतल्या दुसऱ्याच गोष्टींवरून, विशेषतः औषधं कंपनीच्या नावाऐवजी मूळ नावाने लिहिण्यावरून, डॉक्टर मंडळींत गदारोळ झाला आणि त्याच महिन्याच्या २३ तारखेला सगळंच प्रकरण स्थगित झालं. जुना नियम परत जागेवर.

तीनच वर्षं का? मला वाटतं, हा आकडा कोर्टाकडे बघून आलेला आहे. १९९५ साली सुप्रीम कोर्टाने डॉक्टरांची सेवा ग्राहक कायद्याखाली येते असा निकाल दिला, तेव्हापासून तर हॉस्पिटलांना कागद म्हणजे मुख्यतः बचावाचं साधन वाटू लागलं. ग्राहक कोर्टात जायची मुदत दोन वर्षं. तीन वर्षं कागद ठेवले की झालं, त्यानंतर सहसा कोणी खेचणार नाही. हा हिशेब दावा कोण लावेल याचा आहे. पेशंटच्या शरीरात काय राहिलंय त्याचा हिशेब त्यात कुठेच नाही. दुसरीकडे सरकारला गरज वाटते तिथे मुदती वेगळ्या आहेत: गर्भवतीच्या सोनोग्राफीचे कागद २ वर्षं, गर्भपाताचं रजिस्टर ५ वर्षं. म्हणजे कागदाप्रमाणे मुदत ठरवता येते, हे कायद्याला माहीत आहे.

माझी एकट्याची रड असती तर मी एवढं लांबण लावलं नसतं. २०१० सालची एक गोष्ट बघा. जॉन्सन अँड जॉन्सनच्या डीप्यू नावाच्या कंपनीने खुब्याचा एक कृत्रिम सांधा, एएसआर, जगभरातून परत घेतला. धातूवर धातू घासून कोबाल्ट-क्रोमियमचे कण रक्तात उतरत होते आणि अनेकांची पुन्हा ऑपरेशनं करावी लागत होती. भारतात असे सुमारे ४,७०० सांधे बसवले गेले होते. केंद्र सरकारने नेमलेल्या समितीचा अहवाल २०१८ मध्ये बाहेर आला, त्या वेळेपर्यंत त्यातल्या साडेतीन हजारांहून जास्त पेशंटांचा पत्ताच लागलेला नव्हता. आता साधं गणित करा. २००५ साली ज्याचा खुबा बदलला, त्याचे कागद तीन वर्षांच्या नियमाने २००८ साली रद्दीत गेले तरी कोणी बोट दाखवू शकत नव्हतं. सांधा सदोष आहे हे जाहीर झालं २०१० मध्ये. कागदाला लवकर मरण, सांधा अंगात तसाच. त्यातली काही माणसं आजही दुखतंय म्हणून वयाला दोष देत गोळ्या घेत असतील.

माझा भाचा इथेच कारेलीबागेत लहानसं नर्सिंग होम चालवतो. त्याच्यापुढे मी हे सगळं तावातावाने मांडलं. त्याने मला पुरतं बोलू दिलं, मग म्हणाला, ‘‘मामा, तुमच्या बँकेला स्ट्राँग रूम होती. माझ्याकडे जिन्याखालची जागा आहे.’’ २०१९ च्या पुरात विश्वामित्रीचं पाणी त्याच्या तळमजल्यावर आलं होतं. २०२४ ला परत. आमच्या नदीला पूर आला की मगरी सोसायटीत फिरतात हे तुम्हाला टीव्हीवरून माहीत असेलच. भाच्याला मगरीची भीती कमी आणि फाइलींची चिंता जास्त होती. भिजलेले केसपेपर त्याने गच्चीवर दोऱ्या बांधून वाळवले. वीस खाटांचं हॉस्पिटल, वर्षाला दीड-दोन हजार फाइली, प्रत्येकीत पन्नास-साठ कागद. तो म्हणतो, कायमचं ठेवा म्हणणं सोपं आहे. भाडं कोण देणार, वाळवी कोण झटकणार, आणि मी उद्या नर्सिंग होम बंद केलं तर हे गाठोडं कोणाच्या दारात टाकू? त्याचं म्हणणं खोटं नाही. लहान हॉस्पिटलं बंद पडतात, विकली जातात, डॉक्टरांची मुलं अमेरिकेला जातात. त्यांच्या फाइलींचं काय होतं याचा कुठे हिशेब नाही.

दुसरा आक्षेप घरातूनच आला. सौ. म्हणाली, ‘‘अहो, पण माझं सगळं आयुष्यभर कुठेतरी लिहून ठेवलेलं मला तरी कुठे हवंय?’’ तिच्या माहेरी ग्वाल्हेरला तिच्या एका मावशीला बाळंतपणानंतर मनाचा आजार झाला होता. तिला काही महिने दवाखान्यात ठेवलं होतं. पुढे मावशी ठणठणीत बरी झाली, पण त्या दाखल्याचा कागद कोणा नातेवाइकाच्या हाती लागला आणि तिच्या मुलीच्या लग्नाच्या वेळी तो बाहेर निघाला. स्थळ मोडलं. सौ. त्या वेळी आठ-दहा वर्षांची असेल, तिला ते अजून आठवतं. यावर माझ्याकडे तयार उत्तर नव्हतं. ग्राहकाच्या खात्याची माहिती बाहेर सांगायची नाही हे आम्हाला पहिल्या दिवशी शिकवलं जाई, पण बँकेचं लेजर उघडं पडलं तर फार तर शेजारणीला तुमची शिल्लक कळते. इथे माणसाचं सगळंच उघडं पडतं.

म्हणून सगळं कायम ठेवा असं मी म्हणत नाही. नर्सने दर चार तासांनी लिहिलेला ताप, सलाइनच्या बाटल्यांचा तक्ता, जेवणाची पथ्यं, हे तीन वर्षांत गेलं तरी कोणाचं अडत नाही. ती आमची व्हाउचरं. पण काही कागद हे सहीच्या कार्डासारखे आहेत. अंगात काय बसवलं त्याचं नाव, कंपनी, बॅच नंबर. ऑपरेशन नोट. कॅन्सरला दिलेल्या किरणांचा डोस आणि तो कुठे दिला ते, कारण तीच जागा पुन्हा शेकायची वेळ आली तर डॉक्टर पहिला प्रश्न तोच विचारतात. कोणत्या औषधाने जिवावर बेतलं होतं ते. जन्मताना गुदमरलेल्या बाळाचे कागद, निदान ते मूल सज्ञान होईपर्यंत. एका पेशंटमागे हे सगळं मिळून चार-पाच पानं होतील. ही पानं खातं जिवंत असेपर्यंत, म्हणजे माणूस जिवंत असेपर्यंत ठेवावीत. भाच्याला हे सांगितलं तेव्हा तो म्हणाला, ‘‘पाच पानं असतील तर जिन्याखाली मावतील.’’

थोरली मुलगी इंग्लंडमध्ये लेस्टरला असते. तिच्याकडून तिथली पद्धत समजून घेतली. तिथेही मोठ्या माणसांच्या हॉस्पिटलच्या फाइली ८ वर्षांनी जातात, आपल्याहून फार जास्त नाही. मुलांच्या पंचविसाव्या वाढदिवसापर्यंत ठेवतात, बाळंतपणाच्या २५ वर्षं. पण खरी मेख वेगळीच आहे. हॉस्पिटलचं सारांशपत्र तुमच्या घरच्या डॉक्टरकडे जातं आणि त्याच्याकडची फाइल तुमच्याबरोबर फिरते, तुम्ही गाव बदललं तरी. माणूस गेल्यावरही ती १० वर्षं ठेवतात. आपल्याकडे ते घरचे डॉक्टरच राहिले नाहीत. आमच्या लहानपणी रावपुऱ्यात जे डॉक्टर होते त्यांना आमच्या आजोबांचं पोट, वडिलांचा दमा आणि माझे गोवर-कांजिण्या सगळं तोंडपाठ होतं. ते गेले आणि त्यांच्याबरोबर ते रेकॉर्डही गेलं.

काही गोष्टी सुधारल्या आहेत, तेही सांगायला हवं. माझ्या धाकट्या भावाला २०१८ मध्ये स्टेंट बसवला, तर त्याच्या बिलात स्टेंटचं नाव, कंपनी, बॅच सगळं वेगळं लिहून आलं. मला कौतुक वाटलं. नंतर कळलं की २०१७ मध्ये सरकारने स्टेंटच्या आणि पुढे गुडघ्याच्या सांध्याच्या किमती बांधून दिल्या, तेव्हा बिलात हा तपशील वेगळा दाखवा असं सांगितलं होतं. हेतू किमतीला लगाम घालण्याचा. अनायासे पेशंटच्या हातात कागद पडला. आभा कार्डाचा चौदा आकडी नंबरही आता काउंटरवर मागतात. पण त्या नंबराला कागद जोडायचा तो हॉस्पिटलनेच, आणि हॉस्पिटलकडेच कागद नसेल तर नंबराला काय जोडणार? केंद्राच्या २०१६ च्या इलेक्ट्रॉनिक नोंदींच्या मानकांत माणसाच्या हयातीत त्याची नोंद नष्ट करू नये असं स्पष्ट लिहिलंय. म्हणजे संगणकात असेल तर जन्मभर आणि कागदावर असेल तर तीन वर्षं! एकाच पेशंटला एकाच देशात हे दोन न्याय.

सौ.चं पुढे काय झालं, ते राहिलंच. एमआरआय झाला नाही. सीटी स्कॅन केला, त्यात हाडं नीट दिसली, नस हवी तशी दिसली नाही. दोन सर्जनांना दाखवलं. एक म्हणाले, एवढ्या माहितीवर कापणार नाही. दुसरे म्हणाले, कापेन, पण मला अर्धं अंधारात काम करावं लागेल. तिने स्वतःच ठरवलं की नको. मणक्यात इंजेक्शन घेतलं, फिजिओथेरपी चालू आहे. पूर्वी कमाटीबागेत पूर्ण फेरी मारायची, आता फाटकापासून बँडस्टँडपर्यंत जाते, तिथल्या बाकावर बसते आणि परत येते. बधिरपणा तेवढाच आहे. वाढला तर काय, हा प्रश्न आम्ही दोघंही बोलून दाखवत नाही.

मी तिच्यासाठी एक कार्ड करून लॅमिनेट करून घेतलं: डोक्यात क्लिप, साल १९९४, प्रकार माहीत नाही, एमआरआय करू नये. गुजराती, इंग्रजी, मराठी, तिन्ही भाषांत. ते तिच्या पर्समध्ये असतं. ती कधी बेशुद्ध झाली आणि मी जवळ नसलो तर निदान कोणी तिला त्या यंत्रात घालणार नाही.

हॉस्पिटलला मी एक पत्रही लिहिलं. तक्रार नाही केली. एवढंच विचारलं की २००५ मध्ये ज्या फाइली नष्ट केल्या त्यांची यादी आहे का, त्यावर तारीख आणि सह्या आहेत का. पंधरा दिवसांनी उत्तर आलं, दोन ओळींचं, नम्र: धोरणानुसार रेकॉर्ड नष्ट केले आहे, स्वतंत्र यादी उपलब्ध नाही. यादीच नसेल तर ती फाइल खरंच गेली, की एखाद्या गाठोड्यात चुकीच्या सालात पडून आहे, हे कोणी सांगू शकत नाही. माझ्यासारख्याला यामुळे झोप लागत नाही. पुतण्याला पुन्हा एकदा १९९३ आणि १९९५ चे गठ्ठे उरले आहेत का ते विचारायला सांगितलंय.

या ग्रुपवर इंदूर, बेळगाव, हैदराबादचीही पुष्कळ मंडळी आहेत, आणि बऱ्याच घरांत नर्स, थिएटर टेक्निशियन, रेकॉर्ड विभागात काम केलेली माणसं आहेत. त्यांना माझी विनंती. नव्वदच्या दशकात मुंबईत न्यूरोसर्जरीच्या थिएटरमध्ये कोणी काम केलं असेल, तर त्या वेळी कुठल्या कंपनीच्या क्लिपा यायच्या, त्यांच्या पाकिटावरचे स्टिकर कुठे चिकटवत असत, फाइलीत की वेगळ्या वहीत, एवढं मला मेसेज करून कळवा. तुमच्या आठवणीवर कोणी एमआरआय करणार नाही, हे मला माहीत आहे. पण स्टिकर वेगळ्या वहीत लावत असतील, तर ती वही कुठल्या खोलीत शोधायची ते तरी पुतण्याला सांगता येईल.